चादरीखालचा उजवा हात

आधीच सांगून टाकते, मी या असल्या गोष्टींवर हसणारी मुलगी आहे. अमावस्येला आमच्या चौकात कुणीतरी उतरवून टाकलेला नारळ पायाने बाजूला सरकवून मी क्लासला जायचे... आई मागून ओरडत बसायची. इथे लोकांचे अनुभव वाचताना पण मनात 'काहीतरीच!' असं चालू असतं. आता माझाच लिहितेय, हसा खुशाल.

२००५ चा डिसेंबर. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि माझी पोस्टिंग म्हसरूळच्या बाजूला एका वृद्धांच्या केअर सेंटरला लागली होती (नाव नाही सांगत). पुरुषांच्या हॉलमध्ये सहा कॉट, प्रत्येकीच्या वर भिंतीवर ऑइलपेंटने हे एवढे मोठे आकडे. कोपऱ्यातला चार नंबर म्हणजे रावजीबाबा. घोटीचे, सगळं आयुष्य बैलबाजारात दलाली केलेले. पॅरालिसिसच्या झटक्याने उजवी बाजू गेली आणि वाचा पण गेली. त्यांची डावी बाजू भिंतीला, उजवी आमच्याकडे. शेजारी तीन नंबरला पगारे सर, रिटायर्ड शिक्षक. डायबेटिस, आणि विसरणं पार पुढे गेलेलं. "सर, जेवलात?" "बरंय." "सर, कुठे दुखतंय का?" "बरंय बरंय." आम्ही फाइलला लिहून मोकळे — तक्रार नाही.

रावजीबाबांसाठी मी स्वतः स्केचपेनने चित्रांचा तक्ता बनवला होता. ग्लास, ताट, संडास, रडका चेहरा, पंखा. काय अभिमान होता मला त्याचा! बाबा डाव्या हाताने तो रोज भिरकावून द्यायचे.

आणि मग ते सुरू झालं. मी बाबांची चादर नीट खोचत होते आणि चादरीखाली माझा हात पकडला गेला. माझी तीन बोटं... पहिली तीन. घट्ट दाबली, सोडली, परत दाबली. मी हात ओढून घेतला. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी पण. बाबा डोळे वटारून माझ्याकडे बघतायत. मी एकोणीस वर्षांची, मला काय वाटणार? सरळ जाऊन सिस्टरकडे कंप्लेंट केली.

सिस्टर म्हणजे तिथल्या इनचार्ज. त्यांनी एकच विचारलं, "कुठल्या हाताने?"

"उजव्या..." म्हणाले आणि माझंच मला कळलं. उजवा हात तर गेलेला! रोज स्पंजिंग करताना मीच तो उचलायचे, ओल्या टॉवेलसारखा लोंबायचा.

सिस्टरने माझ्यासमोर त्या तळहाताला पिन टोचली. काही नाही. बाबांची पापणी पण हलली नाही.

"एकतर हा म्हातारा नाटक करतोय," त्या म्हणाल्या, "नाहीतर तू. मला भानगड नको. मुलाला फोन करते, रविवारी घेऊन जा म्हणून. आणि तुझं कॉलेजला कळवायचं का ते नंतर बघू."

मुलगा सातपूरला कंपनीत, शिफ्टची नोकरी, एका खोलीत पाच माणसं. तिथे बाबांना कोण बघणार होतं? आणि हे सगळं माझ्या एका वाक्यामुळे. पण संशय जाईना हो! मी दाराच्या फटीतून तासतास पहारा दिला. बाबांच्या उजव्या तळहाताला गुदगुल्या केल्या, चिमटा काढला. मेलेला हात.

रविवारी मुलगा आला. सोबत बाबांचे बाजारातले जोडीदार, किसनआबा, पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल. मुलगा कॉटखालची पिशवी काढून कपडे भरायला लागला. आबा मात्र माझ्या नेहमीच्या जागी, दोन कॉटच्या मधे उभे राहिले, बाबांच्या हातावर टॉवेल टाकला आणि आपला हात खाली घातला. आणि हसायलाच लागले!

"काय रं रावज्या, हितं बी सौदा?"

"म्हणजे?" सिस्टर एकदम सावध.

"अवो बाई, बाजारात बैलाची किंमत तोंडानं कोन सांगतं? धा जनं ऐकत्यात. रुमालाखाली बोटं धरायची. एक बोट म्हंजी एक, दोन म्हंजी दोन."

"मग आता काय म्हणतायत?"

"तीन. सारखं तीनच म्हनतोय येडा. कशाचं तीन रं? हितं ना बैल ना दावं!"

बाबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. डावा हात वर उचलून नुसता हवेत फेकत होते, आबांच्या पलीकडे. मी त्या दिशेला बघितलं. भिंतीवर आकडा. तीन.

पगारे सर शांत पडलेले, पायात लोकरीचे मोजे. थंडी होती म्हणून घातलेले, आणि काढायला गेलं की सर लाथ मारायचे म्हणून आम्ही नाद सोडलेला. मी आणि वॉर्डबॉय मामांनी धरून उजवा मोजा काढला. अंगठा काळा पडला होता... वास असा आला की मुलगा बाहेर पळाला.

"खूर सडल्यागत वास," आबा हळूच म्हणाले. "दारात आलो तवाच म्या मनात म्हनलं, कसला वास ह्यो. रावज्याचं नाक लय तिखट."

"सर, दुखतंय का?" मी रडत विचारलं.

"बरंय," सर म्हणाले.

त्यांना लगेच हलवलं. अंगठा गेला, पाय वाचला. माझ्या तक्त्यावर सगळं 'मला' होतं — मला तहान, मला दुखतंय. 'त्याला' असं चित्रच मी काढलं नव्हतं.

सिस्टरने स्वतः पिशवीतले कपडे परत कपाटात लावले. बाबा राहिले. आबांनी आम्हाला बोटं शिकवली आणि मग नॅपकिनखाली बाबांचा डावा हात मस्त बोलायला लागला. एक म्हणजे पाणी, दोन म्हणजे संडास, चार म्हणजे कूस बदला.

आबा निघाले तेव्हा मी त्यांना गेटपाशी गाठलं. "आबा, तुम्ही कुठला हात धरला होता?"

"उजवा."

"तो तर गेलाय त्यांचा."

आबा माझ्याकडे असं बघायला लागले की मीच खुळी. "पोरी, सौदा कुनी डाव्या हातानं करतं व्हय? आन् पुरा पंजा धरून एकदा हलवला, की समजायचं सौदा मिटला."

डॉक्टरांनी नंतर दोनदा तपासलं, चादर टाकून पण तपासलं. उजवा हात शून्य.

तीन आठवड्यांनी पगारे सर परत आले. सकाळचा चहा चालू होता. सरांना कॉटवर बसवलं, वळले आणि बाबांची चादर सारखी करायला हात घातला. पूर्ण पंजा धरला गेला. एकदा हलवला. सोडला.

मी झटकन चादर ओढली. उजवा हात ठेवला होता तसाच, पालथा, मीच सकाळी उशीवर ठेवलेला. आणि डाव्या हातात बाबांनी चहाचा कप धरला होता. सरांकडे बघत निवांत पीत होते.

त्यानंतर तो हात कधीच बोलला नाही. सिस्टरला अजून वाटतं की पहिल्या वेळचं मी बनवून सांगितलं. आबा आणि बाबांनी मिळून आम्हाला गंडवलं असेल, असं मलाही कधीकधी वाटतं... पण मग तो कप?