तिन्हीसांजेचं गाऱ्हाणं

देवाकडे सारखं काही मागायची मला सवय नाही. मांडवीत राहते, शाळेत गणित शिकवते. पण सातवीतल्या माझ्या सायलीच्या मेंदूत तार बसवायच्या शस्त्रक्रियेचं बोलणं निघालं, तेव्हा माझा धीर सुटला. चालताना तिचा उजवा पाय आत पिळायचा, टाच जमिनीला टेकायची नाही. पोटरीत इंजेक्शनं झाली, स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या झाल्या. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, आजार दुर्मीळ आहे, आता शस्त्रक्रियेचा विचार करा. पुढच्या भेटीत आम्ही होकार द्यायचा होता.

"आधी देवीला विचार," सासूबाई म्हणाल्या. संगमेश्वराकडच्या आमच्या गावात मोठ्या कामाआधी देवीचा कौल घेतात. मूर्तीला लावलेली पाकळी उजवीकडे पडली तर होकार, डावीकडे पडली तर नकार. मला ते पटत होतं असं नाही, पण वाद घालायचं त्राणही नव्हतं.

गावच्या देवळात गुरवांनी मोठ्याने गाऱ्हाणं घातलं. "आये, लेकरू सकालच्या पारी हसतंय, खेलतंय. तिनसांज झाली का पाय वाकडा व्हतो, निजून उठलं का पुन्ना सुटतो. कुनाची बाधा आसंल तर दूर कर." सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. मग आम्ही पाकळीकडे बघत बसलो. ती हलेना.

ओटी भरायला आलेली एक अनोळखी बाई शेजारी बसली होती. तिने हळूच विचारलं, "हे सकाळ-संध्याकाळचं डॉक्टरांना सांगितलंत?"

"ते कशाला? ते देवीचं," मी म्हटलं, आणि बोलता बोलताच थांबले. आमच्या घरात वाटणीच झाली होती. पायाचं डॉक्टरांना सांगायचं, तिन्हीसांजेचं देवीला. त्यात डॉक्टरांची वेळ नेहमी सकाळची, पाय कमी पिळायचा तेव्हाची.

"माझ्या भाच्याचं असंच होतं. गोळीने भागलं," ती म्हणाली. "तुमचं तेच असेल असं नाही. पण सांगा हो." बाहेर तिची गाडी निघत होती. नाव विचारायचं राहून गेलं.

"वयनी, पाकली हलत नाय," गुरव म्हणाले. "देवी थांब म्हनते."

पुढच्या भेटीत मी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, सायलीलाच चार प्रश्न विचारले. म्हणाले, "कंपवाताला देतात ते औषध थोडंसं देऊन बघू. काहींना फार फरक पडतो. नाही पडला तर शस्त्रक्रिया आहेच."

फरक पडला. आठवड्याभरात एका संध्याकाळी सायली माझ्याबरोबर मांडवीच्या जेटीपर्यंत चालत गेली, दोन्ही टाचा टेकवत. परतताना म्हणाली, "आई, आता भेळ." मी भेळ घेतली.

"ती बाई कोण होती, कळलं ना तुला?" सासूबाईंनी विचारलं.

"कोणी पाहुणी असेल."

"हो, पाहुणीच," असं म्हणून त्या हसल्या. मी गोळी रोज वेळेवर देते, डॉक्टरांना दाखवून आणते आणि त्या बाईसाठी हात जोडते. शरण जायचं तर आपल्या मनाने निवडून, झाकून काही ठेवायचं नाही, सगळं पुढ्यात मांडायचं, एवढं मी शिकले.

ओटी भरायला गावी गेलो, तेव्हा मुद्दाम तिन्हीसांजेची वेळ धरली. गुरवांनी विचारलं, "वयनी, आता काय मागनं घालू?" सायली देवळाला प्रदक्षिणा घालत होती. मी म्हटलं, "काही नको. ती बघा, चालतेय."