बंद न करायचा कॉम्प्युटर

१४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार. काम : दिवाळीच्या आधी लॅब झाडूनपुसून घेणे.

मांडवगण फराट्यात एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मी रक्त तपासते. त्या दिवशी विंडोज टेनचा सपोर्ट संपणार म्हणून सकाळपासून मोबाइलवर मेसेज फिरत होते. आमच्या लॅबचा कॉम्प्युटर त्याच्याही मागच्या सिस्टीमवर चालायचा. तिचा सपोर्ट संपून वर्षं लोटली होती. पण पेशी मोजायच्या मशीनसोबत आलेला प्रोग्राम नव्या सिस्टीमवर चालत नव्हता, आणि मशीन अजून ठणठणीत होतं. मग बदलणार कोण?

त्यात कॉम्प्युटरच्या आतला तारीख सांभाळणारा सेल संपला होता. दुरुस्तीवाला शिरूरहून आला, बघितलं आणि म्हणाला, "मी खोलीन, पण परत चालू नाही झाला तर मला बोलायचं नाही. ही विंडोज आता कुणी सांभाळत नाही." डॉक्टरांनी त्याला चहा पाजून परत पाठवला. तेव्हापासून नियम एकच : कॉम्प्युटर बंद करायचा नाही. इन्व्हर्टरवर तो रात्रंदिवस चालू असायचा.

त्या सकाळी मी आत पेशंटचं रक्त काढत होते तेव्हा झाडलोटीच्या मावशींनी त्याचा प्लग काढला, मागून पुसून घेतलं आणि परत लावला. कॉम्प्युटर आपोआप सुरू झाला, प्रोग्रामही उघडला. मी आले तेव्हा सगळं रोजच्यासारखं दिसत होतं, फक्त धूळ नव्हती.

पहिला नंबर तापाच्या एका बाईचा. पाच दिवस ताप, अंग ठणकत होतं. लग्नाला दीड-दोन वर्षं झाली असतील. दिवाळीला माहेरी राहूला निघाली होती, जाता जाता नवऱ्यानं दाखवायला आणलं. रिपोर्ट छापून आला : प्लेटलेट दोन लाख चाळीस हजार. डॉक्टरांनी बघितलं, अंगदुखीच्या गोळ्या दिल्या. दोघं मोटारसायकलवर गेलीसुद्धा.

तिसरा नंबर एका आबांचा. अंगात रक्त कमी म्हणून ते दर महिन्याला येतात. ओठ पांढरे, दोन पायऱ्या चढले तरी धाप लागते. त्यांचं हिमोग्लोबिन छापून आलं पंधरा.

मी कागद परत वाचला. मग खाली बारीक अक्षरात छापलेली तारीख बघितली. एक जानेवारी, दहा वर्षांपूर्वीची.

काय झालं ते समजायला वेळ लागला नाही. सेल संपलेला असल्यानं वीज तुटताच कॉम्प्युटर जुन्या तारखेवर गेला होता. त्या तारखेला लॅब चालू होती, एक, दोन, तीन नंबरची रक्तं तपासलेली होती. प्रोग्रामनं तेव्हाचे आकडे उचलले आणि आजच्या नावांखाली छापले. मशीनच्या स्वतःच्या छोट्या पडद्यावर खरे आकडे असतात. प्रिंटर आल्यापासून तिकडे कुणी बघत नव्हतं. मी मागे मागे जात पहिल्या नंबरवर आले.

एकोणीस हजार.

दीड लाखाच्या वर हव्यात त्या प्लेटलेट, आणि एवढ्या खाली गेल्या असताना अंगदुखीची गोळी म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. मी डॉक्टरांच्या खोलीत गेले. दाराशी मावशी होत्या.

"प्लग तुम्ही काढला?"

"मग? ओल्या फडक्यानं पुसायचं आन् शॉक बसला म्हंजी? जाळी झालीती बोटभर."

त्यांना बोलण्यात अर्थ नव्हता. डॉक्टरांनी आकडा ऐकला आणि खुर्चीतून उठले. "गोळ्या दिल्यात मी. फोन लावा, आधी फोन लावा."

नवऱ्याचा फोन वाजत राहिला. गाडीवर असेल. परत लावला. मग संपर्काच्या बाहेर. मी लावतच राहिले. नदीचा पूल, खड्डे, मागे बसलेली ती, हेच डोळ्यापुढे येत होतं. शेवटी उचलला.

"कोण?"

"मांडवगणच्या दवाखान्यातून. कुठं आहात?"

"राहूला पोचलो की. का वो?"

"मंडळींना अंगदुखीची गोळी दिली का?"

"एक दिली, आत्ताच, चहाबरूबर."

"दुसरी देऊ नका. त्यांना लगेच दौंडला मोठ्या दवाखान्यात न्या, मोटारसायकलवर नाही, चारचाकी बघा. आपला रिपोर्ट चुकलाय."

"सकाळी तर म्हणलात झकास हाय. आता ह्यो खरा कशावरनं? कुठलं धरायचं बाई आमी?"

"माझ्यावर चिडा, पण उद्या चिडा. हिरड्यांतून रक्त येतंय का विचारा."

मागून एक बाई, तिची आई असावी, कुरकुरली, "पोरीला आत्ता कुठं डोळा लागलाय, उठवू नका." तो आत गेल्याचं ऐकू आलं. परत आला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता.

"दात घासताना आलं म्हणती. काल बी आलंतं."

"निघा."

बाकी दोघांना बाहेरच थांबवून खरे आकडे हातानं लिहून दिले. ते काम झालं आणि मग दुसरी भीती आली, जी पहिलीपेक्षा वाईट होती. उन्हाळ्यात इन्व्हर्टर एकदा बसला होता. तेव्हा कॉम्प्युटर बंद पडला होता का? कुणी लक्षात ठेवलं नव्हतं. तेव्हा कुणाच्या नावाखाली कुणाचं रक्त गेलं, हे आता कसं कळणार? मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "नसेल झालं." दोघांनाही पटलं नाही.

संध्याकाळी निरोप आला, दौंडला ॲडमिट केलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच मी नवऱ्याला फोन केला. रात्री नाकातून रक्त आलं होतं, मग थांबलं. प्लेटलेट चढवताहेत. "डॉक्टर म्हणत्यात, अजून काय सांगता यायचं न्हाई," तो म्हणाला. चिडला नाही. चिडला असता तर बरं वाटलं असतं.

दवाखाना उघडून मी लॅबमध्ये गेले. कॉम्प्युटर चालूच होता. मी तो बंद केला, मशीनची आणि प्रिंटरची वायर काढली आणि सगळा डबा उचलून कपाटाच्या मागे ठेवला. त्या सकाळी पहिला पेशंट आला, त्याचे आकडे मी मशीनच्या पडद्यावरून हातानं उतरवले, काचेवर रक्ताचा थेंब पसरून मायक्रोस्कोपखाली प्लेटलेट बघितल्या आणि मगच सही केली.