नजर उतरवणारी साडी

धाकटीचा हेवा मला ती जन्मली तेव्हापासूनच वाटायचा, पण त्याला खरी धार आली ती तिच्या एका साडीमुळे. साठचं दशक संपत आलं होतं. मी लग्न होऊन जळगावला पिंप्राळ्याकडे राहायचे आणि एका मारवाडी शेठजींच्या कारखान्यासाठी छापील साड्यांच्या नक्ष्या काढायचे. नक्ष्या म्हणजे कोयऱ्या, केळीची पानं, फार तर मोर. दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी माहेरी निघायच्या आत माझी एक नवी साडी शेठजींच्या दुकानाच्या दारात टांगली जायची. काम नसलं तरी मी त्या दारावरून दोनदा जायचे.

मला इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेनंतर उजवलं होतं. धाकटीला मात्र वडिलांनी चित्रकला शिकायला मुंबईला पाठवलं. शिक्षण संपवून ती माझ्याकडे राहायला आली, ती काखेत एक जाडजूड परदेशी पुस्तक घेऊन. त्यातल्या चित्रांत आभाळात ढगांच्या जागी ओठ, झाडाला फळांऐवजी कान, आणि ओल्या धोतरासारखी लोंबणारी घड्याळं.

"अक्का, याला अतिवास्तववाद म्हणतात. स्वप्नात दिसतं तसं काढायचं," ती म्हणाली.

"आम्हाला स्वप्नात शेवग्याच्या शेंगा दिसतात," मी म्हटलं. ती खळखळून हसली. माझं बोलणं तिला लागत नसे, याचाही मला राग यायचा.

चार दिवसांत तिनं माझ्याच कागदावर, माझ्याच रंगांनी एक साडी काढली. निळ्या अंगभर उघडे डोळे, एकासारखा दुसरा नाही. प्रत्येक डोळ्यातून एक थेंब निघालेला आणि काठापर्यंत येता येता त्याचं कडुलिंबाचं पान झालेलं. ती आंघोळीला गेली तेव्हा मी गुपचूप एक डोळा काढून पाहिला. त्याची कोयरीच झाली. दुसरा काढला, त्याचीही तीच गत. तो कागद मी चुलीत घातला.

दुकानात आम्हा दोघींसमोर शेठजींनी माझी आणि तिची नक्षी शेजारी शेजारी ठेवली. आखाजीला दारात एकच साडी लागणार होती. तिच्या कागदावर त्यांचा हात बराच वेळ राहिला. मग मला म्हणाले, "बाई, तुम्हाला इथल्या बायका ठाऊक. एवढे डोळे अंगावर कोण घेईल?"

"कोणी नाही घेणार, शेठजी. नजर लागेल म्हणतील." आवाज मी अगदी काळजीचा काढला. धाकटीचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

शेठजींनी तिचा कागद उचलून समोर धरला. मग म्हणाले, "नजर लागेल कशी? साडीच उलटी बघते ना समोरच्याकडे. ही तर नजर उतरवणारी साडी."

तेच वाक्य त्यांनी दुकानातल्या माणसांना पढवलं. आखाजीच्या आठवडाभर आधी साडी संपली. पुन्हा छापली, तीही संपली. माझ्या कोयऱ्या थोड्याच छापल्या होत्या, त्या आतल्या फळीवर पडून होत्या. नजरेचं मीच शेठजींच्या तोंडात घातलं होतं, आणि हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

आखाजीला आम्ही दोघी धुळ्याला माहेरी गेलो. दोघींनी आईसाठी आपापली साडी नेली होती. दारातल्या लिंबाला झोका बांधला होता आणि झोक्यावरच्या चौघींपैकी तिघींच्या अंगावर धाकटीचे डोळे होते. माझा नुसता तिळपापड झाला. तेवढ्यात आई घरातून बाहेर आली. ती माझी कोयऱ्यांची साडी नेसली होती, सगळ्या गल्लीसमोर. मी मुद्दाम धाकटीकडे वळून पाहिलं. ती आईच्या निऱ्या नीट करायला खाली बसली होती.

पंगत उठल्यावर मी आणि आई दोघीच स्वयंपाकघरात होतो. न राहवून मी विचारलंच, "तिची का नाही नेसलीस?" माझी जास्त आवडली, एवढं मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

आई रसाचं पातेलं झाकत होती. माझ्याकडे न बघताच आपल्या अहिराणीत म्हणाली, "तिनी साडी बठ्ठं गाव नेसस. तुनी मी नही नेसनू ते कोन नेसी, माय?"

तिची सगळं गाव नेसतं, माझी आईखेरीज कोण नेसणार, हे मायेनंच म्हणाली ती. संध्याकाळपर्यंत ती माझ्या साडीत घरभर वावरत होती, आणि मला तिच्याकडे पाहवत नव्हतं.