नळाखालचा पेपरमिंट

कॉलनीतल्या सगळ्यांना,

पाण्याच्या वेळा लिहायच्या या फळ्यावर मी आजवर एक अक्षर लिहिलं नाही. आज राग आवरत नाही म्हणून लिहितोय.

काल हिचं तेरावं झालं. आज सकाळी चहात टाकायला पानं तोडावीत म्हणून मागच्या दारी गेलो, तर नळाखालचा पेपरमिंटचा वाफा मोकळा. सगळा मुळासकट उपटून नेलेला.

शेजारच्या वहिनी भिंतीपलीकडून म्हणाल्या, "अवो भावजी, मीच न्हेला की काल. तुमी एकटं मानूस, पुदिना घिऊन काय करनार? उगं वाळून गेला असता."

मी "बरं" म्हणून आत आलो. इतके दिवस त्यांच्याच घरचा डबा खाल्लाय, तोंडावर काय बोलणार?

पण तो चटणीचा पुदिना नव्हता. हिच्या आजारपणात पोटात काही ठरेना, तेव्हा त्याच्या मुळ्या मी कुंभारीहून आणल्या. दुष्काळात भांडी विसळलेलं पाणी घालून मी तो जगवला. पानांचा काढा मीच करायचो आणि चमच्याने पाजायचो. शेवटी तेवढाच तिला सोसत होता.

वहिनी, निम्म्या मुळ्या आजच परत आणून लावा. उरलेल्या खुशाल ठेवा.

आणि बाकीच्यांनाही विचारतो. कुणी तिच्या साड्या मागतंय, कुणी शिलाई मशीन. बाई गेली की तिच्याबरोबर नवराही गेला, असं धरूनच चालता का तुम्ही?