नासवलेल्या दुधाचा घास

उकळत्या दुधात लिंबू पिळलं की पहिला क्षणभर काहीच घडत नाही. पांढरा शांतपणा तसाच राहतो, मग कडेकडेनं हिरवट पाणी दिसू लागतं, दुधाचे ढग सुटे होतात आणि आंबूस, कोमट, किंचित तान्ह्या बाळाच्या अंगासारखा वास चुलीभोवती रेंगाळत राहतो. माझ्या नाकात हा वास वैशाखासकट बसलेला आहे. बाहेर कडुलिंबाची फुलं गळून वाळलेली, गोठ्याच्या छपरावर ऊन पांढरं झालेलं, आणि आत चुलीपुढे माझे मामा, एका हातात अर्धं लिंबू घेऊन, बंदूक साफ करावी तितक्या एकाग्रतेनं पातेल्यात पाहत बसलेले.

आमच्याकडे दूध मुद्दाम कुणी नासवत नसे. उन्हाळ्यात ते आपलं आपण नासलं तर घरची बाई कपाळाला हात लावी आणि शेजारणीला कळायच्या आत ते गुरांच्या कोंड्यात मिसळून टाकी. जाणूनबुजून नासवलं तर गोठ्यातल्या गाईचा पान्हा आटतो, हे देऊळघाटात लहान पोरालाही ठाऊक होतं. मी तिथल्या शाळेत मास्तरीण होते, मामांच्या घरी राहत होते, बुलढाण्याच्या वाचनालयातून आणलेली पुस्तकं वाचत होते आणि असल्या समजुतींकडे पुस्तकाच्या वरच्या कडेवरून पाहत होते.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि नव्या राज्याला ठिकठिकाणी दगड बसवण्याची हौस आली होती. आमच्या गावालाही एक मिळाला. दुसऱ्या महायुद्धात परमुलखी मेलेल्या गावच्या माणसांची नावं त्याच्यावर कोरली होती. माणसं दोनच होती, त्यामुळे दगड पुष्कळसा रिकामा होता, आणि ती रिकामी जागा भरून काढण्यासाठी की काय, उद्घाटनाला आलेले पाहुणे दीड तास बोलले. इटलीतल्या डोंगरावर पडलेल्या संपतच्या आईला, गोदामायला, वीरमाता म्हणून खुर्चीवर बसवलं होतं. खुर्चीवर बसायची सवय नसल्यामुळे ती पुढच्या काठावर, उठायच्या तयारीत असल्यासारखी बसली होती. रक्त, माती, बलिदान हे शब्द मंडपाच्या कापडावर आपटून खाली पडत होते. तिला शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि मंडप उठल्यावर ती दोन्ही काखेत धरून माझ्या मामांपुढे येऊन उभी राहिली. मामा आणि संपत एकाच दिवशी फौजेत भरती झाले होते. परतले मामा एकटे, हवालदार होऊन.

"नारायणा," ती म्हणाली, "थो कसा मेला थे सारे सांगून राह्यले. खाऊन मेला का उपाशी, थे काऊन कोणी सांगत नाही?"

मामांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"आखाजीले दरसाल पुरणपोळी ठेवतो मी त्याच्या नावानं. त्याले पुरण कधी आवडे का? चण्याची डाळ पाह्यली का तोंड वाकडं करे. शेवटचं काय गेलं त्याच्या पोटात, थे सांग मले. थेच ठेवतो."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया; त्या दिवशी आमच्याकडे पाण्यानं भरलेली नवी घागर पुजतात आणि गेलेल्यांच्या नावानं घास देतात. ती बारा दिवसांवर आली होती. मामा म्हणाले, "करून आणतो, माय." आणि घरी येऊन ओसरीवर इतका वेळ बसून राहिले की त्यांच्या पुढ्यातला चहा थंड होऊन त्यावर साय धरली.

अडचण अशी होती की मामांना दोन गोष्टी आठवत होत्या. मरणाआधीच्या दोन दिवसांत त्या दोघांना दोन घरांत गोड मिळालं होतं. एका घरात शिळ्या केकचे तुकडे काळ्या कॉफीत बुडवून त्यांवर पिवळ्या दाट खिरीचे थर दिलेले होते. दुसऱ्या घरात एका म्हातारीनं मेंढीचं दूध समोरच नासवलं, यांच्याकडची फौजी साखर त्यात घोटली, वर पाकातली संत्र्याची साल कातरून घातली. आधी कोणतं घर आणि नंतर कोणतं, हे मात्र मामांच्या डोक्यातून पार पुसून गेलं होतं. तिसऱ्या सकाळी जे झालं त्यानं मागचे दोन दिवस एकमेकांवर लोटून दिले होते.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"दोन्ही. एकाच भांड्यात," मामा म्हणाले. "मग चुकाचं कामच नाही."

हल्ली पुण्याच्या लग्नांत काचेच्या इवल्याशा पेल्यांतून असले इटालियन संकर समोर येतात, आणि पोरं मला त्यांची नावं समजावून सांगतात, तेव्हा मी निमूटपणे ऐकते. त्यांच्या जन्माआधी एका निवृत्त हवालदारानं भट्टीशिवाय, बर्फाशिवाय आणि अंड्याशिवाय हा उद्योग देऊळघाटात केला होता, आणि तोही केवळ आपली आठवण खोटी पडू नये म्हणून.

पहिल्यांदा मी शहाणपणा केला. दूध नासवण्याऐवजी दह्याचा चक्का वापरू, कोणाला कळतंय, असं सुचवलं. मामांनी बोट बुडवून चाखलं. "हे श्रीखंड झालं, मास्तरीणबाई. संपत का श्रीखंड खाऊन मेला?" मग ते एसटीनं मलकापूरला गेले आणि स्टेशनाजवळच्या दुकानातून गोड टोस्ट आणि कॉफीची पूड घेऊन आले. पिवळ्या खिरीसाठी अरारूट दुधात आटवून चिमूटभर केशर टाकलं. पितरांच्या पानात अंडं कसं चालेल, एवढा विवेक फौजेनंही त्यांच्यातून काढला नव्हता. संत्र्याच्या साली मी तोंडाला लावायला वाळवून ठेवल्या होत्या, त्या त्यांनी न विचारता पाकात सोडल्या. माझं सौंदर्य अशा रीतीनं राष्ट्रकार्याला लागलं.

दूध आम्ही दार लावून नासवलं. दाराची कडी मीच घातली, हे इथं कबूल केलं पाहिजे.

थर लागले, पण वैशाख त्यांना बसू देईना. संध्याकाळपर्यंत खीर टोस्टांतून पाझरली, चोथा वर तरंगला, सगळं गुरांच्या आंबोणासारखं झालं. मामांनी ते शांतपणे गोठ्यात नेलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडलं. चौथ्या खेपेला त्यांनी परसातल्या रांजणाखालची, सदा पाझरून गार असलेली वाळू उकरली, मातीचं गाडगं गळ्यापर्यंत तिच्यात पुरलं, वर ओलं फडकं घातलं आणि दिवसभर दर तासाला उठून त्यावर पाणी शिंपडलं. त्या गाडग्यावर त्यांनी जसा पहारा दिला, तसा एखाद्या चौकीवरही दिला नसेल. दिवस मावळताना चमचा घातला तेव्हा थर थरासारखे उभे राहिले. मी चाखलं. कॉफीचा कडूपणा, मागून सालीचा सुगंध, आणि मध्ये तो मऊ, दाणेदार, परका गोडवा. मामांनी चाखलं नाही. नुसता वास घेतला आणि तोंड फिरवून उभे राहिले.

आखाजीच्या सकाळी आम्ही गाडगं घेऊन निघालो. वाटेत मी म्हटलं, "तिला नासवलेलं सांगू नका. खवा म्हणा."

गोदामायच्या दारी घागर मांडलेली होती, तिच्यावर खरबूज, शेजारी पान वाढायला घेतलेलं. तिनं गाडग्यात डोकावून पाहिलं. "काय हाय हे?"

"टोस्ट हाय. कॉफी हाय. खीर हाय," मामा म्हणाले, आणि मग, माझ्याकडे न पाहता, "आन् नासवलेलं दूध हाय."

तिनं हात मागे घेतला. "नासवलेलं? सणाच्या दिवशी? माह्या लेकराच्या पानात?" तिचा आवाज चढला नाही, त्यामुळेच मला वाईट वाटलं. "उचल थे. दारात गाय बांधली हाय माह्या."

मामांनी गाडगं उचललं नाही. ते उंबऱ्याबाहेर उकिडवे बसले. "माय, त्या बुढीनं दूध नासवलं ना, तवा संपत मले काय म्हणे, सांगू? म्हणे, नाऱ्या, माही माय इथं असती तं या बुढीच्या हातातलं पातेलं हिसकलं असतं बे, आन् झिंजा धरल्या असत्या तिच्या. असा हासला, असा हासला. आन् मंग दोनदा मागून खाल्लं."

दारातली गाय शेपटीनं माश्या वारत होती. मग गोदामायच्या तोंडाची एक बाजू हलली, आणि ते हसू आहे हे कळायला मला वेळ लागला.

"दोनदा?"

"हाव. दोनदा."

ती उठली. आत जाऊन सकाळच्या धारेचं दूध तिनं चुलीवर ठेवलं आणि सुनेला, संपतच्या धाकट्या भावाच्या बायकोला, लिंबू कापून दे म्हणाली. सून जागच्या जागी खिळली, तेव्हा स्वतःच कापलं. उभ्या जन्मात तिनं थेंबभर दूध वाया घालवलं नसेल. ते उकळून वर आलं तेव्हा तिनं डोळे मिटले आणि लिंबू पिळलं. फडक्यात गाळून, साखर घालून, बोटांनी घोटून तिनं तो चोथा आमच्या थरांवर सगळ्यांत वर पसरला. मग पानात वाढण्याआधी चिमूट उचलून जिभेवर ठेवली.

"माय, निवद चाखत नाहीत!" सून न राहवून म्हणाली.

"निवद कुठं हाय? लेकराचं खाणं हाय," गोदामाय म्हणाली, आणि मामांकडे वळली. "साखर कमी हाय, नारायणा."

तिनं आणखी घातली.

संपतनं शेवटी काय खाल्लं हे मामांना पुढंही आठवलं नाही, आणि तिनं पुन्हा विचारलं नाही. दुपारी आम्ही घरी आलो, जेवलो, मामा आडवे झाले. दिवस कलल्यावर मी शाळेच्या वह्या तपासायला घेतल्या, पण लक्ष लागेना. अखेर वही मिटून, कोणाला न सांगता, गोदामायच्या गोठ्याच्या कुडाआड जाऊन उभी राहिले. समजुतींवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. सून धारेला बसली होती. मी श्वास रोखला होता, हे पितळी चरवीत पहिली धार वाजली तेव्हा मला कळलं.