पिशवीचं तोंड

ओतूरला माझा क्लास आहे. शिष्यवृत्तीच्या परीक्षेची तयारी करून घेतो. दारावर 'यशाची खात्री' असा बोर्ड आहे आणि तो मजकूर माझाच. सकाळ-संध्याकाळ मी लोकांच्या पोरांना परीक्षांना जुंपतो, आणि माझी स्वतःची पोरगी मात्र कुठल्याच शाळेत नाही. ती डिंगोऱ्याला, आमच्या गावी, घरी बसून मांजराला नकाशा दाखवते. गावात माझ्या पाठीमागे काय बोलतात ते मला माहीत आहे. त्यांच्या जागी मी असतो तर त्याहून जास्त बोललो असतो.

झालं ते असं. दुसरीत असताना तिनं शाळेत तोंड उघडायचं बंद केलं. घरी दिवसभर टकळी चालू, पण सकाळी व्हॅनचा हॉर्न वाजला की पोटात दुखायचं. वर्गात उभं राहून वाच म्हटलं की डोळ्यांत पाणी आणि तोंडातून अक्षर नाही. एकदा तिला तासभर तसंच उभं ठेवलं. मला कळलं तसा मी तिरमिरीत शाळेत गेलो, ऑफिसात टेबलावर हात आपटला, "नकोच आम्हाला तुमची शाळा!" म्हणालो आणि पोरीला गाडीवर पुढं बसवून घेऊन आलो. डिंगोऱ्याची कमान येईपर्यंत राग उतरला होता. पण वाटेत चहाला थांबलो तेव्हा टपरीवर सगळ्यांना सांगून बसलो होतो, की आजपासून माझी पोर घरी शिकणार. आता मागं कसं फिरणार? मग रात्री बसून घरच्या शिक्षणाबद्दल मिळेल ते वाचून काढलं आणि आठवडाभरात मी या विषयातला मोठा जाणकार झालो.

तेव्हापासून कुणी पावणं आलं आणि पोरीला विचारलं, "काय गं बाळा, कितवीला?" की उत्तर मी देतो. "ती घरी शिकते. म्हणजे त्याचं असं आहे..." तिथून पुढं चहा गार होईस्तोवर माझं चालतं. पोरगी तेवढ्यात माझ्या पाठीमागून सटकते. पावण्यांना सटकता येत नाही.

माझ्या वडिलांना, म्हणजे नानांना, हे सगळं पहिल्यापासून पसंत नव्हतं. तरी दोन वर्षं त्यांनी सोसलं. या उन्हाळ्यात अंगणात कांदा निवडायला बसलेले असताना एकदम म्हणाले, "घरात बसून पोर मुकी व्हईल. बाहेरच्या माणसापुढं तिचा आवाज ऐकलाय का कुणी? जूनला शाळा. न्हाईतर कुणीतरी बाहेरच्यानं परीक्षा घ्यावी आन् सांगावं, की पोर बरोबरीनं चाललीय. तू सांगायचं न्हाई."

ते शेवटचं वाक्य माझ्या लई जिव्हारी लागलं. मी आशेनं बायकोकडं पाहिलं. ती आरोग्य केंद्रात नर्स आहे. ती म्हणाली, "नानांचं बरोबर आहे. आम्ही बाळ काट्यावर ठेवून वजन लिहितो. नुसतं बघून 'गुटगुटीत आहे' असं नाही लिहीत." संपलं! घरात माझ्या बाजूनं मांजर तेवढं राहिलं.

त्या रात्री अंथरुणावर पोरीनं मला हळूच विचारलं, "पप्पा, व्हॅन परत येणार?" मी म्हणालो, "नाही गं, बघतो की मी." पण हिला परत त्या व्हॅनमध्ये चढवायचं या विचारानंच मला कसंतरी झालं.

मग मी परीक्षा निवडायला बसलो. लोक स्थळं बघतात तशी मी परीक्षा बघत होतो. शिष्यवृत्तीची परीक्षा पहिल्याच फेरीत बाद, कारण तिला शाळेत नाव लागतं. आणि लागत नसतं तरी तिची तयारी मीच करून घेणार, आणि ओतूरात त्यावरून काय काय जोक झाले असते ते मी इथं सांगत नाही.

दुसरी सापडली ती परदेशातली. घरी शिकणारी तिकडची पोरं दरवर्षी तीच देतात म्हणे. पोरीला द्यायच्या आधी आपण एकदा बघू, म्हणून मी स्वतःच नमुन्याचा पेपर सोडवायला बसलो. त्यात बर्फ उपसायचं फावडं, तिकडची नाणी, भिंतीतल्या चुलीपुढं ठेवायची कसलीशी जाळी. अर्धी चित्रं ओळखू येईनात. शेवटी निकाल आला, की माझं वाचन सहावीच्या मुलाइतकं आहे. बी.एड. झालेला माणूस मी! लॅपटॉप मिटला आणि जेवताना जाहीर केलं, की ही परीक्षा आपल्या मातीला धरून नाही.

तिसरी पुण्यातली, चार पर्यायांतून एक निवडायचा, अशी. चौथी ऑनलाइन, खेळासारखी, रंगीत. उत्तर बरोबर आलं की टाळ्या वाजतात आणि चुकलं तरी "छान प्रयत्न!" म्हणतात. शेवटी प्रत्येकाला पदक. आणि पाचवी होती ती एका बाईंची. शिक्षिका म्हणून रिटायर झालेल्या या बाई व्हिडिओ कॉलवर मुलाला समोर बसवतात, उतारा मोठ्यानं वाचून घेतात, तोंडी गणितं घालतात आणि मूल कुठल्या इयत्तेच्या बरोबरीनं आहे ते लिहून देतात. अट एकच, खोलीत आईबाप नकोत. ही माहिती मी एकदा वाचली, पुन्हा वाचली आणि ही पद्धत शास्त्रीय नाही असं ठरवून टाकलं.

परदेशातली धरून राहिलेल्या तीन परीक्षांचे नमुने मी पोरीकडून सोडवून घेतले. 'परीक्षा' हा शब्द घरात उच्चारायचा नाही असं ठरवलं होतं. "चल, एक गंमत दाखवतो," म्हणायचो. तिनं परदेशातल्यात मार खाल्ला, माझ्यापेक्षा थोडासाच जास्त. पुण्याच्यात मधेच कुठंतरी. रंगीत टाळ्यांच्यात मात्र तिनं धडाधड उत्तरं दिली आणि पडद्यावर फुगे उडाले. मला हायसं वाटलं. सापडली! मुलाच्या कलानं घेणारी, भीती न घालणारी, आधुनिक परीक्षा!

जेवताना मी तिघांपुढं सगळं मांडलं. परदेशातली का नको, पुण्याची का नको, आणि टाळ्यांचीच का हवी. मुद्देसूद बोललो. क्लासात पालकांपुढं बोलतो तसा आवाज लावला होता. नाना भाकरी चुरत होते. बायको मान खाली घालून वाढत होती. पोरगी दुधाची वाटी तोंडाला लावून ऐकत होती. वाटी खाली ठेवून ती म्हणाली, "पप्पा, तुमी तोंडाला मोठा कांदा लावलाय."

नानांना इतकं हसू आलं की ठसका लागला. बायकोनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि स्वतःच पदराआड हसायला लागली.

आमच्याकडं कांदा पिशवीत भरताना मोठा, रंगदार माल वर, पिशवीच्या तोंडाशी लावतात. खाली बारका, ज्याला गोल्टी म्हणतात, तो. सगळेच करतात असं नाही आणि करणारा कबूल करत नाही. व्यापाऱ्यालाही ते ठाऊक असतं. म्हणून बाजारात लिलावाच्या वेळी तो रांगेतली वाटेल ती पिशवी दाखवतो आणि हमाल ती खाली ओततो. कुठली फोडायची ते माल आणणाऱ्याच्या हातात नसतं. पोरगी नानांबरोबर ओतूरच्या बाजाराला जाते, शाळा नसल्यामुळं सगळ्याच बाजारांना जाते, तिला हे पाठ. तिकडं हे शिकायला तिला मीच पाठवलं होतं आणि त्याला 'अनुभवातून शिक्षण' असं भारदस्त नाव दिलं होतं.

नाना डोळे पुसत म्हणाले, "किती पिशव्या आणल्यात तू?"

"तीन," मी म्हणालो.

"चार," बायको म्हणाली. "त्या व्हिडिओवाल्या बाई कुठं गेल्या? परवा लॅपटॉप उघडाच होता. मी वाचलं सगळं."

मी लगेच शास्त्रीय पद्धत म्हणजे काय ते सांगायला लागलो. नानांनी हात वर केला. "तीच फोडायची."

मग माझं डोकंच फिरलं. ताटावरून उठलो. "अहो, बोलायची नाही ती! परक्या माणसापुढं शब्द फुटत नाही तिला, माहीत आहे ना तुम्हाला? ती गप्प बसणार, ती बाई शून्य लिहिणार आणि तुम्ही जूनला तिला व्हॅनमध्ये बसवणार! हेच पाहिजे ना सगळ्यांना?" ओरडून झाल्यावर लक्षात आलं, पोरगी तिथंच बसलेली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नानांनी तिला विचारलं, "काय गं बाय, देशील का?"

"तिला काय कळतंय नाना, ती आपली..."

"तुला इचारलं व्हय?"

पोरीनं मान हलवली. हो म्हणून.

परीक्षेच्या दिवशी बायकोनं सुट्टी घेतली. रेंज आमच्या मागच्या खोलीतच येते, म्हणून लॅपटॉप तिथं मांडला, पाण्याची बाटली ठेवली आणि मला बाहेर काढून दार लोटलं. नाना अंगणात कांदा निवडत होते. "मोटर बघून येतो," असं सांगून मी घराला वळसा घातला आणि मागच्या खिडकीखाली, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उकिडवा बसलो. क्लासात कॉपी करणाऱ्या पोरांना मी याच कारणासाठी उठाबशा काढायला लावतो.

बाईंचा आवाज मऊ होता. त्यांनी नाव विचारलं. आत शांतता. 'सांग ना गं, नाव तर सांग,' मी मनात म्हणत होतो. मग अगदी बारीक आवाजात तिनं नाव सांगितलं. मला इतकं बरं वाटलं की पाय आखडल्याचंही विसरलो. मग उतारा आला. ती वाचायला लागली, अडखळत, पुटपुटत, पण वाचत होती. एका जोडाक्षरापाशी थांबली. मी ओठांतल्या ओठांत ते म्हणालो. तिनं वेगळंच काहीतरी म्हटलं आणि पुढं गेली.

मग तोंडी गणित. शहाण्णव पेन्सिली, एका खोक्यात आठ, तर खोकी किती? आत पुन्हा शांतता. ही शांतता लांबली. लांबतच गेली. मला तिचा दुसरीतला चेहरा दिसायला लागला, वर्गात उभं केल्यावरचा, पाण्यानं भरलेला. आणि मग काय झालं मला माहीत नाही, मी टाकीला धरून उठलो आणि खिडकीच्या फटीला तोंड लावलं. "बारा! अगं बारा! आठचा पाढा म्हण!"

"मॅडम, एक मिनिट हां," असं आतून ऐकू आलं. खुर्ची सरकल्याचा आवाज. पुढच्या क्षणी खिडकीचं दार धाडकन उघडलं आणि माझ्या कपाळावर बसलं.

"पप्पा, तुमी गप बसा! मला इचारलंय!"

राव, तो आवाज! शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीनं मान वळवली. अंगणातून नानांची हाक आली, "काय झालं गं?" आणि ही तिकडंही ओरडली, "काय न्हाई नाना, पप्पा उत्तर सांगत्यात!" मग खिडकी ओढून घेतली. मी तसाच कपाळ धरून टाकीशी बसलो. आत ती बाईंना म्हणत होती, स्पष्ट, ठणठणीत, "मॅडम, दुसरं गणित घाला. ते उत्तर त्यांचं व्हतं."

बाईंनी दुसरं घातलं. ते तिचं चुकलं. तिनं पुन्हा करून बघितलं, पुन्हा चुकलं, मग तिसऱ्यांदा काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. मी ऐकत होतो आणि माझे डोळे वाहत होते. बायकोनं नंतर विचारलं तेव्हा कपाळाला लागलं म्हणून सांगितलं.

चार-पाच दिवसांनी निकाल मोबाइलवर आला. सगळे अंगणात जमलो. मी चष्मा चढवला, घसा खाकरला आणि म्हणालो, "आता याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. समकक्ष पातळी म्हणजे..."

"तू गप," नाना म्हणाले. "मोबाइल तिच्याकडं दे. तिला वाचू दे."

तिनं मोबाइल हातात घेतला, दोन पाय फाकवून उभी राहिली आणि वाचलं. वाचन चौथीच्या बरोबरीचं. म्हणजे वयाच्या मानानं जिथं असायला हवं तिथंच. भागाकार मागं, सराव हवा. समज चांगली. मला तेवढ्यात भागाकाराबद्दल दोन शब्द सांगायचे होते, पण बायकोनं माझा दंड धरून ठेवला होता. पोरगी खाली सरकली आणि शेवटची ओळ वाचायला लागली.

"परीक्षेदरम्यान पालकांनी खिडकीतून उत्तर सांगण्याचा प्रयत्न केला. विद्यार्थिनीने त्यांना थांबवले."

नाना हातातला कांदा उगाच चोळत राहिले. मग म्हणाले, "जूनचं राहू दे. भागाकार तेवढा कर." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, "ती शेवटची वळ वाच गं परत."

तिनं परत वाचली. 'थांबवले' वर जरा जास्तच जोर दिला.