वाढत्या मापाचा बोर्ड

अकरा वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या भर दुपारी मी वसई सोडली, तेव्हा माझ्या अंगात लोकरीचा कोट होता. गाडी दारात उभी, वर्षाची इरा कडेवर, नवरा आधीच कॅनडात पोचलेला, आणि बाबा माझ्या कोटाची बटणं लावून बघत होते. विरारच्या बाजारातून त्यांनी तो स्वतः आणला होता, चांगला दोन मापं मोठा. बाह्या बोटांच्याही खाली उतरत होत्या. मी एकतीस वर्षांची होते. आता मी आणखी काय वाढणार? पण बाबांचं ठरलेलं उत्तर होतं, "ऱ्हाऊ दे बाय. वाढतं घेतलेलं वाया जात नाय."

गावातल्यांनो, हसू नका. तुमच्याही घरी असंच चालतं. खाडीकाठच्या आमच्या घरात गणवेश, चपला, दप्तर, सगळं वाढत्या मापाचं यायचं. आणि माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांनीही हसू नये. माणूस कॅल्गरीत येतो, बर्फ काढायचं फावडं हाताळायला शिकतो, पण दुकानात गेला की हात आपोआप मोठ्या मापाकडे जातो.

इराला स्नोबोर्डचं, म्हणजे पायांना फळी बांधून बर्फावरून घसरण्याचं, वेड लागलं ते दहाव्या वर्षी. साधं डोंगरावरून घसरत येणं तिला पुरेना. तिला पार्क हवा होता. पार्क म्हणजे झाडं-बाकडी नव्हेत. उतारावर बर्फाचे उंचवटे आणि लोखंडी नळ्या मांडून ठेवतात, त्यांवरून पोरं उड्या मारतात, हवेत गिरक्या घेतात. मला ते बघवत नसे, पण तिचा चेहरा असा उजळायचा की मी अडवत नसे. गेल्या वर्षी तिला पहिला स्वतःचा बोर्ड घेतला. कुणीतरी वापरलेला, धडधाकट आणि अर्थातच लांब. उभा केला तर तिच्या कपाळाच्याही वर जायचा. बूटही एक नंबर मोठे. मी मनात खूश होते, तीन हिवाळे चिंता नाही.

पहिलाच हिवाळा निम्मा झाला आणि इरा कोमेजली. उडी घेई, पण अर्ध्या गिरकीतच बोर्डाचं शेपूट बर्फात अडके आणि ती आपटे. तिच्याबरोबर सुरुवात केलेली पोरं पुढे गेली. मी तिला सराव कर म्हणून सांगितलं, मग रागावले, मग धीर नाही तुझ्यात असंही बोलून गेले. ते बोलायला नको होतं. एका रविवारी तिने बोर्ड गॅरेजमध्ये नेऊन ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "आई, मला नाही जमत. विकून टाक."

विकायला म्हणूनच आम्ही खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथल्या बाईंनी बोर्ड हातात घेतला, इराकडे पाहिलं आणि तिचं वजन विचारलं. मग त्यांनी समजावलं की बोर्ड उंचीपेक्षा वजनावर आणि बुटाच्या मापावर ठरतो. पार्कसाठी तर जरा आखूड हवा, हलक्या अंगालाही वाकवता येईल असा मऊ, आणि दोन्ही टोकं सारखी, म्हणजे पुढून-मागून कसंही उतरता येतं. हा बोर्ड दोन वर्षांनंतरच्या मुलीसाठी आहे, त्या म्हणाल्या, आजच्या मुलीने काय करायचं? त्यांनी दुसरा काढून दिला. तो इराच्या हनुवटीला टेकला. किती दिवस पुरेल, मी विचारलं. एक हिवाळा, फार तर दोन. माझ्या तोंडून निघून गेलं, याच्या पुढचं माप दाखवता का?

 इरा मान खाली घालून हातमोजे घालायला लागली.

मला ती मान ओळखीची होती. पाचवीत धावण्याच्या शर्यतीला बाबांनी माझ्यासाठी नवे बूट आणले होते, पुढे कापूस कोंबलेले. त्या बुटांत पळता येत नव्हतं. मी पोट दुखतंय म्हणून सांगितलं आणि शर्यतीला उतरलेच नाही. ज्या माणसाने एवढ्या हौसेने आणलं, त्याला कसं सांगायचं की मापात नाही? ते मी आजवर सांगितलं नव्हतं. आम्ही हनुवटीला टेकणारा बोर्ड घेतला. बूटही मापाचे.

पुढच्या शनिवारी सकाळी इराची गिरकी पूर्ण झाली. लगेच दुसऱ्या उडीला ती पडली, पण हसत उठली. मी तो व्हिडिओ बाबांना पाठवला. वसईत रात्र झाली होती, तरी त्यांचा लगेच फोन आला. नातीचं कौतुक झालं आणि मग गाडी दरवेळच्या रुळावर आली. कंत्राटदार मिळालाय, घरावर मजला चढवायला घेऊ का? तुम्ही कायमचे आलात की जागा पुरायला हवी. अकरा वर्षं मी यावर "बघू" म्हणत आले होते.

या खेपेला मी खरं सांगितलं. "बाबा, कायमचे नाही येणार आम्ही. येत-जात राहू. वर मजला नको. खालची एक खोली पुरे."

  बाबा हळूच म्हणाले, "बरं झालं बोललीस. जिना चढायला मलाबी आता जमत नाय. पन तुला कसं सांगू?"

मी रडले, आणि लपवलं नाही. इतकी वर्षं आम्ही दोघंही एकमेकांसाठी तो मजला डोक्यावर वागवत होतो. दोन-दोन वर्षांनी येणारी मी त्यांचे गुडघे बघितलेच नव्हते. आता दर शनिवारी मी आधी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करते. खालच्या खोलीला रंग दिलाय, तिथे तीन माणसांच्या निजण्यापुरती जागा आहे. घर म्हटलं की आता मला तेवढीच खोली दिसते, आणि दारात उभे असलेले बाबा.